पहिली साठ पानं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार जाड कादंबऱ्या घरात आहेत, चारही कुणीतरी मनापासून सुचवलेल्या, आणि चारही पुस्तकांतली खूण चाळीस ते सत्तर या पानांमध्ये कुठेतरी अडकून पडली आहे. त्यातली एक तर तुम्ही तीनदा सुरू केली. दोष माझा की पुस्तकाचा, किती पानं वाट पाहायची, आधी कथानक वाचून घेणं ही फसवणूक होईल का, आणि पुन्हा हातात घेतलं तर पहिल्या पानापासून सुरू करायचं की सोडलं तिथून, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली एकवीस वर्षं प्रौढ वाचकांचा एक वाचनगट चालवते. आम्ही वर्षाला चार-पाचच कादंबऱ्या घेतो, पण एकट्याने वाचताना हातातून सुटतात अशाच मुद्दाम निवडतो. त्यामुळे माणसं कुठे थांबतात आणि पुन्हा चालू लागतात ती कशामुळे, हे मला जवळून पाहायला मिळालं आहे.

दोष कुणाचा हे जरा बाजूला ठेवू. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: ‘रोज रात्री झोपण्यापूर्वी आठ-दहा पानं वाचतो.’ माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त खुणा याच सवयीमुळे अडकतात.

कादंबरीच्या सुरुवातीला वाचकाच्या डोक्यावर सगळ्यात जास्त भार असतो. कोण बोलतंय, कुठे, कोणत्या काळात, कुणाचं कुणाशी काय नातं, यातलं पुढे काय लागणार आणि काय सोडून दिलं तरी चालेल, काहीच ठाऊक नसतं. म्हणून सगळंच धरून ठेवावं लागतं. मॉर्टन ॲन गर्न्सबाकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली भाषेच्या आकलनावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी अशी की, वाचणारा आधी पाया घालतो आणि मग त्यावर एकेक माहिती चढवत जातो. पायाला वेळ लागतो, म्हणून परिच्छेदाची किंवा गोष्टीची पहिली वाक्यं वाचायला पुढच्या वाक्यांपेक्षा जास्त वेळ जातो. हे छोट्याशा गोष्टीतही दिसतं. सहाशे पानांच्या कादंबरीचा पाया किती खोल खणावा लागेल, याचा अंदाज करा.

आणि हा पाया आपण घालतो कधी? दिवसभराची कामं उरकल्यावर, डोळे मिटायला आलेले असताना, वीस मिनिटांत. दुसऱ्या रात्री पुस्तक उघडेपर्यंत कालचं निम्मं विरून गेलेलं असतं. मग दोन पानं मागे जायचं, चार पुढे जायचं. असं करत आठवड्याने साठाव्या पानावर पोचलो की साठ पानं वाचून झालेली असतात, पण मनात काहीच उभं राहिलेलं नसतं. पुस्तकाचा सगळ्यात जड भाग आपण दिवसातल्या सगळ्यात थकलेल्या वेळेला देतो आणि मग स्वतःच्या चिकाटीला नावं ठेवतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: अवघड कादंबरीची पहिली साठ पानं दोन बैठकांत वाचा, आणि त्या दोन बैठका लागोपाठच्या दिवशी ठेवा. सुट्टीची सकाळ धरा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दीड-दोन तास हलू नका. पुढची पाचशे पानं खुशाल रोज आठ-दहा करत वाचा, ती तशी वाचली जातात. एकदा घर उभं राहिलं की रोज थोडा वेळ जाऊन बसता येतं. आमच्या गटात आम्ही बारा वर्षांपूर्वी पहिल्या बैठकीतली चर्चाच बंद केली. पहिल्या दिवशी सगळे एकत्र बसतात आणि तीन तास गुपचूप वाचतात, मध्ये एकदा पाय मोकळे करतात, बस. आधी प्रत्येक पुस्तकाला चार-पाच जण गळायचे. आता एखादा.

पण वेळ एकवटून दिला तरी काही पुस्तकं हटून बसतात. तेव्हा ‘मला जमत नाही’ असं मोघम म्हणून पुस्तक मिटू नका. नेमकं काय अडतंय ते पाहा. अडण्याच्या जाती वेगवेगळ्या आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला तर उलट त्रास होतो.

सगळ्यात सोपी जात नावांची. टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ जुलै १८०५ मध्ये एका संध्याकाळच्या मेजवानीत सुरू होते. आन्ना पाव्हलोव्हना शेरर यांच्या दिवाणखान्यात पाहुणे येत राहतात, मधूनमधून फ्रेंच बोलतात, आणि प्रत्येक नवा पाहुणा आणखी एक लांबलचक नाव घेऊन येतो. सबंध कादंबरीत पाचशेहून अधिक पात्रं आहेत. त्यात रशियन रीतीप्रमाणे एकाच माणसाला तीन तऱ्हांनी हाक मारतात: स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव आणि आडनाव, शिवाय लाडाचं नाव वेगळं. पिएर म्हणजेच प्योत्र किरिलोविच म्हणजेच बेझुखोव. नताशा म्हणजेच नताल्या इलिनिच्ना म्हणजेच रोस्तोव घराण्यातली धाकटी मुलगी. मधलं नाव वडिलांचं आहे एवढं कळलं की गुंता बराच सुटतो, कारण भावंडं आपोआप ओळखू येतात: आन्द्रेई निकोलायेविच आणि मार्या निकोलायेव्हना म्हटलं की दोघांचे वडील निकोलाय. नाव-वडिलांचं नाव-आडनाव ही रीत मराठी वाचकाला तर मुळीच परकी नाही, पण हे कुणी आधी सांगत नाही.

इथे उपाय साधा आहे. पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकात ठेवायचा आणि नावं स्वतःच्या हाताने लिहायची. छापील वंशावळ किंवा पात्रसूची असेल तरीही आपला कागद करा, कारण छापील यादीत सगळे सारखेच महत्त्वाचे दिसतात. माझ्या जुन्या प्रतीत अजून तो कागद आहे. त्यावर पिएरच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘जाड, चष्मा, कुठे काय बोलावं कळत नाही’. एवढ्यावर तो मला पुढे कुठेही ओळखता आला. पहिल्या शंभर पानांत पाच माणसं पक्की झाली तर पुष्कळ. बाकीच्यांना येऊ-जाऊ द्या.

आता हाच कागद घेऊन मार्केझच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’कडे गेलात तर दमून जाल. १९६७ सालच्या या कादंबरीत एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या तीच दोन नावं फिरून फिरून येतात, होजे आर्कादियो आणि औरेलियानो. एका कर्नल औरेलियानोला सतरा वेगवेगळ्या बायकांपासून सतरा मुलगे होतात आणि सतराही जणांचं नाव औरेलियानो! पहिल्यांदा वाचताना मी मागे जाऊन जाऊन ‘हा कुठला’ ते तपासत होते, आणि दर वेळी चार पावलं मागे पडत होते. मग लक्षात आलं की घरातल्या म्हातारीचाही हाच गोंधळ आहे आणि तिने त्यातून एक अर्थ काढलाय: औरेलियानो नावाचे सगळे आतल्या गाठीचे, होजे आर्कादियो नावाचे सगळे धसमुसळे. नावं मुद्दामच एकमेकांत मिसळली आहेत, कारण तेच तेच पुन्हा घडत राहणं हा त्या घराचा भोग आहे. इथे गोंधळ सोसायचा, गुंता सोडवत बसायचं नाही. पुष्कळ प्रतींमध्ये वंशावळ छापलेली असते, तिच्यावर अधूनमधून नजर टाकायची, इतकंच. टॉलस्टॉयला लागणारा कागद मार्केझला लागत नाही, हे मला दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी गटात घेतली तेव्हा फार स्पष्ट दिसलं.

दुसरी जात आवाजाची. कोण बोलतंय आणि केव्हाचं बोलतंय, हेच कळत नाही. याबाबतीत विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’इतकी भिंतीसारखी सुरुवात मी दुसरी पाहिलेली नाही. १९२९ सालची कादंबरी. चार भाग. पहिला भाग बेंजी सांगतो. तो तेहतीस वर्षांचा आहे, पण त्याचं मन लहान मुलाचं आहे आणि त्याला आज आणि तीस वर्षांपूर्वी यांतला फरक कळत नाही. एखादा वास, एखादा आवाज आला की तो सरळ जुन्या प्रसंगात जातो आणि सांगणाऱ्या स्वरात काहीच बदलत नाही. पुष्कळदा अक्षरं तिरकी होतात, तेवढीच खूण.

आम्ही ही कादंबरी मूळ इंग्रजीतून घेतली तेव्हा पहिल्या दिवशी दीड तासाने खोलीत सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. एका बाईंनी पुस्तक पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, “हा माणूस कुंपणापाशी उभा राहून रडतोय एवढं कळतं. का रडतोय हे लेखकाने सांगायला काय हरकत होती?” मी त्यांना पहिलं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. कुंपणापलीकडे काही माणसं गोल्फ खेळताहेत. पूर्वी ती या घराचीच जमीन होती, हे पुढे कळतं. खेळणारा आपल्या सामान वाहणाऱ्या पोऱ्याला हाक मारतो, “कॅडी!” आणि बेंजी कण्हायला लागतो. बाई दोन-तीन ओळी पुढे गेल्या, थांबल्या, आणि वर न बघता म्हणाल्या, “त्याच्या बहिणीचं नाव कॅडी आहे.”

ती बहीण घरातून गेली आहे. बेंजीवर माया करणारी तीच. त्याला दर काही मिनिटांनी कुंपणापलीकडून तिच्या नावाची हाक ऐकू येते. लेखकाने सांगितलेलं होतं, पहिल्याच पानावर, फक्त स्पष्टीकरण दिलं नव्हतं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, मग सगळ्यांनी आपापली पहिली पानं पुन्हा उघडली.

या पुस्तकाला माझ्याकडे एक किल्ली आहे, ती तुम्हाला देऊन ठेवते. बेंजीसोबत कोण आहे ते पाहा. त्याला सांभाळणारा मुलगा व्हर्श असेल तर ते लहानपण, टी. पी. असेल तर मधली वर्षं. लस्टर असेल तर आज, म्हणजे एप्रिल १९२८. समासात पेन्सिलीने ‘व्ह’, ‘टी’, ‘ल’ एवढी अक्षरं टाकत गेलात तरी तो भाग वाचता येतो. आणि आणखी एक: क्वेन्टिन नावाची दोन माणसं आहेत, एक मामा आणि एक भाची, तेव्हा सर्वनाम बघत चला. फॉकनरला स्वतःला वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत असं वाटत होतं. त्या वेळी ते जमलं नाही. लंडनच्या फोलिओ सोसायटीने २०१२ साली चौदा रंगांत तशी आवृत्ती काढली. म्हणजे वाचकाला आधार लागणार, हे खुद्द लेखकाला मान्य होतं. आधार घेताना अपराधी वाटायचं काहीच कारण नाही.

अशा पुस्तकांत अडलं की माणसं हळू वाचायला लागतात, प्रत्येक वाक्य सोडवल्याशिवाय पुढे जात नाहीत. माझा सल्ला नेमका उलटा आहे. न कळलेलं तसंच ठेवून भागाच्या शेवटापर्यंत जा, आणि मग तेवढाच भाग पुन्हा वाचा. कारण न कळलेल्या वाक्याचा अर्थ त्या वाक्यात नसतोच मुळी, तो चाळीस पानं पुढे असतो.

बोलीभाषेची अडचण हीदेखील आवाजाचीच, पण तिचा उपाय वेगळा. आनंद यादवांची ‘गोतावळा’ सबंध ग्रामीण बोलीत आहे, शेतगडी नारबाच्या तोंडून. प्रमाण मराठीची सवय झालेल्या डोळ्यांना पहिली काही पानं खडबडीत लागतात. ती मोठ्याने वाचा. डोळ्यांना अडणारा शब्द कानाला बऱ्याचदा लगेच कळतो. दहा पानं मोठ्याने झाली की पुढची मनात वाचतानाही तोच आवाज ऐकू येत राहतो. ‘कोसला’बद्दलही हेच. १९६३ साली आलेली ही कादंबरी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांशी ज्या तऱ्हेने खेळते, तो खेळ कागदावर पाहताना काहींना नुसता विक्षिप्तपणा वाटतो. तीच पानं कुणी सरळ, आव न आणता वाचून दाखवली की त्यातला एकटा, टिंगलीआड लपलेला मुलगा दिसायला लागतो. मी गटात नव्याने आलेल्यांना हे दर वेळी करून दाखवते आणि दर वेळी एखाद्याचा चेहरा बदलताना पाहते.

तिसरी जात गतीची, आणि चिकाटी हा शब्द खऱ्या अर्थाने इथे लागू पडतो. काही कळत नाही अशी तक्रार नसते. सगळं कळतं, पण काही घडत नाही. उम्बेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ १९८० साली आली. मठातल्या खुनांची गोष्ट, सात दिवसांत घडणारी. पण सुरुवातीला मठाच्या दरवाजावरच्या कोरीव कामाची, धर्मवादांची, लॅटिन वचनांची पानंच्या पानं. छापण्याआधी स्नेह्यांनी आणि संपादकांनी सुचवलं की पहिली शंभर पानं जरा कमी करा, फार जड आहेत. एकोंनी नकार दिला. त्यांनी नंतर लिहिलेलं कारण मला फार पटतं: ज्याला त्या मठात सात दिवस राहायचंय त्याने मठाची चाल स्वीकारायला हवी, आणि ज्याला ती जमत नाही तो पुस्तक कधीच पुरं करणार नाही. डोंगर चढणाऱ्याला चढाचा दम लागतो, तसा वाचकाचा श्वास त्या शंभर पानांत बसतो. पहिली शंभर पानं म्हणजे तिथे राहायला लागणाऱ्या वाचकाची तयारी.

हे वाचल्यापासून मी संथ सुरुवातीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. ही पानं कधी संपतील असं मनात येण्याऐवजी, हे पुस्तक माझ्याकडून कोणती चाल मागतंय, असं विचारते. वाक्यं लांब असतील तर श्वास लांब करायचा. वर्णन असेल तर त्या जागेत खरंच उभं राहायचं, ‘पुढे काय’ हा प्रश्न काही काळ खाली ठेवायचा. इथे घाई करणाऱ्या जाणकारांचीही फसगत झाली आहे. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड एका प्रकाशकाने परत पाठवला. झोप लागण्यापूर्वी माणूस कूस कशी बदलतो हे सांगायला तीस पानं कशाला लागतात, हे त्याला कळेना. शेवटी १९१३ साली प्रूस्तने तो खंड स्वतःच्या खर्चाने छापून घेतला.

चौथी जात म्हणजे चुकीच्या दाराने आत शिरणं. ‘मोबी डिक’ हातात घेणाऱ्याला वाटतं, देवमाशाच्या शिकारीची थरारक गोष्ट आहे. उघडून पाहावं तर आधी ‘देवमासा’ या शब्दाची व्युत्पत्ती, मग देवमाशांविषयीच्या उताऱ्यांची मोठी रांग, आणि मग कुठे पहिलं प्रकरण. कप्तान एहॅब डेकवर दिसतो अठ्ठाविसाव्या प्रकरणात. बत्तिसाव्यात देवमाशांचं सविस्तर वर्गीकरण, पुस्तकांच्या आकारांप्रमाणे लावलेलं. आणि खुद्द मोबी डिक? एकूण १३५ प्रकरणं आहेत, त्यांतल्या १३३व्या प्रकरणात. माशाची वाट पाहत वाचणारा वैतागणारच. पण समुद्र, जहाज, तेल, दोर, हाडं, माणसं यांच्यावर जीव जडलेल्या एका खलाशाचं बोलणं ऐकायला बसलोय असं धरलं, तर तेच वर्गीकरण गोड लागतं. सुरुवातीचे उतारे सरळ ओलांडा. १८५१ मध्ये लंडनला निघालेल्या आवृत्तीत ते शेवटी टाकले होते, त्यामुळे तुम्ही पहिले नाही.

‘युलिसिस’चंही असंच. १९२२ च्या या कादंबरीचे अठरा भाग आहेत आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक वाचक तिसऱ्यात बुडाले आहेत. तिथे स्टीफन नावाचा तरुण किनाऱ्यावर चालतोय आणि आपण त्याच्या अति शिकलेल्या डोक्यात अडकलेलो असतो. गंमत अशी की चौथा भाग घड्याळ मागे नेतो. पहिला भाग आणि चौथा भाग दोन्ही १६ जून १९०४ च्या सकाळी आठलाच सुरू होतात, फक्त चौथ्यात ब्लूम नावाचा एक साधा, प्रेमळ, खाण्यापिण्यात रस असलेला माणूस बायकोसाठी न्याहारी करत असतो. म्हणून मी नव्या वाचकाला सांगते, चौथ्यापासून सुरू करा. चार, पाच, सहा वाचा, मग मागे येऊन एक, दोन, तीन. काळाचा क्रम फारसा मोडत नाही आणि तोवर ब्लूमसाठी पुढे वाचायची इच्छा तयार झालेली असते. काही अभ्यासकांना हे रुचणार नाही. मला रुचतं, कारण या वाटेने गेलेले लोक शेवटापर्यंत पोचलेले मी पाहिलेत.

अनुवाद वाचत असाल तर आणखी एक शक्यता तपासा: अडचण कादंबरीची नसेल, त्या एका अनुवादाची असेल. त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद मिळत असेल तर दोन्हींची पहिली दोन-दोन पानं शेजारी ठेवून वाचा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं. बारीक टाइपाची, गच्च छापलेली प्रत बदलल्यावर गाडी रुळावर आलेली माणसंही मला माहीत आहेत.

कथानक आधी वाचणं ही फसवणूक का? रहस्यकथा असेल तर हो, स्वतःचीच. बाकी बहुतेक अवघड कादंबऱ्यांत पुढे काय होतं यापेक्षा ते कसं सांगितलंय यात जीव असतो, आणि कथानक ठाऊक असलं की डोकं त्या ‘कसं’कडे मोकळं होतं. आपल्याकडे कथा माहीत असलेली आख्यानं लोक पिढ्यान्‌पिढ्या रात्र रात्र ऐकत आले, शेवट ठाऊक आहे म्हणून कुणी उठून गेलं नाही. माझी मर्यादा इतकीच की पहिल्या शंभर पानांपुरताच सारांश पाहा, आणि तोही अडल्यावर. विद्वानांची प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. ती बहुधा पुस्तक वाचून झालेल्यांसाठी लिहिलेली असते.

आता सोडायचं केव्हा. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम पुष्कळांना ठाऊक आहे: पन्नास पानं द्या, नाही आवडलं तर सोडा, वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. सत्तरीच्या वाचकाने तीस. त्यामागची कळकळ मला मान्य आहे, आयुष्य थोडं आणि पुस्तकं फार. नेहमीच्या वाचनाला मी तो वापरतेही. पण तुम्ही विचारताय त्या जातीच्या कादंबऱ्यांना पानांचा हिशेब लावू नये असं माझं ठाम मत आहे, कारण पन्नासावं पान अनेकदा वळणाच्या थोडं अलीकडेच पडतं. पुस्तकाचा सांधा बघा: पहिला भाग कुठे संपतो, बोलणारा कुठे बदलतो, जागा कुठे बदलते. त्या सांध्याच्या पुढे वीस पानं जा आणि मग ठरवा.

ठरवण्यासाठी मी एक चाचणी करते. पुस्तक मिटून एक रात्र जाऊ देते. सकाळी, ते न उघडता, स्वतःला विचारते की डोळ्यांसमोर काय आहे? कुंपण, दाराची चौकट, एखाद्या बाईचं उठून निघून जाणं, काहीही. एक चित्र जरी उभं राहिलं, मग ते कळलेलं असो वा नसो, तर पुस्तक आत शिरलेलं आहे आणि पुढे जाण्यात अर्थ आहे. काहीच उभं राहिलं नाही आणि पुन्हा उघडायच्या विचाराने नुसता कंटाळा दाटला, तर सोडते. सोडताना शेवटच्या पानात चिठ्ठी ठेवते: तारीख, पान आणि एका ओळीत कारण.

माझ्या ‘द मॅजिक माउंटन’च्या प्रतीत अशी चिठ्ठी होती. ‘पान १४०. काही घडत नाही. सगळे नुसते झोपून आहेत.’ तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. टॉमस मानची ही १९२४ ची कादंबरी: एक तरुण आल्प्समधल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात नात्यातल्या आजारी भावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी जातो आणि सात वर्षं राहतो. पुढे बऱ्याच वर्षांनी माझे वडील दीर्घ आजारात होते, तेव्हा माझे चार महिने रुग्णालयाच्या एका मार्गिकेत गेले. तिथे वारांना नावं उरत नाहीत. ताप किती, डॉक्टर केव्हा येणार, एवढ्या दोन खुंट्यांवर दिवस टांगलेला असतो. त्या काळात मी ते पुस्तक पुन्हा उघडलं. तिथला एक रुग्ण, सेतेम्ब्रिनी, त्या पाहुण्याला सांगतो की इथे काळ मोजायचं सगळ्यात लहान माप म्हणजे महिना. हे वाक्य मी चोवीसाव्या वर्षीही वाचलं असणार. या वेळी पुस्तक छातीशी धरून बसून राहिले. लेखकाने पहिल्या काही दिवसांना शेकडो पानं दिली आहेत आणि नंतरची वर्षं झरझर ओढून नेली आहेत, कारण नव्या जागी पहिले दिवस असेच लांबतात आणि सवय झाली की वर्षं गळून पडतात. ‘काही घडत नाही’ असं मी ज्याला म्हटलं होतं, तेच तर घडत होतं. आणि मानने स्वतः वाचकांना सांगितलंय की पुस्तक आवडलं असेल तर दोनदा वाचा.

तेव्हा दोष कुणाचा, याचं माझं उत्तर असं की बऱ्याचदा कुणाचाच नसतो. ते पुस्तक त्या वयाला, त्या महिन्याला, त्या रात्रीच्या वीस मिनिटांना बसत नसतं. चारही एकदम हाताळू नका. चारांतलं एक निवडा, ज्यातलं एखादं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे ते. बाकीच्या तीनांत चिठ्ठ्या घालून ती नजरेआड ठेवा.

शेवटचा प्रश्न, पहिल्या पानापासून की सोडलं तिथून? मध्ये महिन्याहून जास्त काळ गेला असेल तर पहिल्या पानापासून. वाया गेल्यासारखं वाटेल, पण ती साठ पानं या वेळी जवळजवळ निम्म्या वेळात होतील आणि मागच्या खेपेला निसटलेली पहिल्या पानावरची गोष्ट आता दिसेल. सुरू करण्याआधी जिथे तीनदा थांबलात त्या पानाच्या समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवा. दुसऱ्या बैठकीत तुम्ही त्या रेघेपाशी पोचाल. नेमकं तिथे पाणी प्यायला उठावंसं वाटेल, फोन आठवेल. उठू नका. त्या दिवशी रेघेच्या पुढे निदान पंधरा पानं जाऊन मगच पुस्तक मिटा.